सहावी मूठ

१

ही वही गेमच्या कॅसेटींची आहे. पहिल्या पानावर तसं ठळक लिहिलेलं आहे आणि पुढच्या पानांवर एकेका कॅसेटीची माहिती आहे. आज मी जे लिहितोय ते तिच्यात शोभणार नाही. पण घरात दुसरी वही म्हणजे रुपालीची शाळेची, आणि तिला हात लावायला मला नको वाटतं.

मी पंडित. सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या एका गोदामाच्या जिन्याखाली माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ताठ उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून पंधरा वर्षं बसूनच काढली. आमचे वडील साक्रीकडून सुरतेला आले आणि कापड विणायच्या लूमच्या खटखटीत बहिरे होऊन गेले. मी मुद्दाम कानांचा धंदा धरला. रेडिओ बंद असताना बोलतो, टीव्हीत मेलेली सासू दिसते, असं सांगत येणाऱ्या बायांना मी सुटलेली तार दाखवून परत पाठवत आलोय. यंत्रात बिघाड असतो, दुसरं काही नसतं, हे मी इतक्यांदा म्हटलंय की बायको ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

गेल्या वर्षी, सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, लोटू भंगारवाल्यानं एक खोकं आणून माझ्यापुढे आपटलं. हजीऱ्याला आलेल्या कुठल्याशा जहाजावरचं सामान होतं. त्यात हातात धरून खेळायचा एक व्हिडिओ गेम आणि त्याच्या त्रेपन्न कॅसेटी होत्या, बहुतेक सात-आठ वर्षं जुन्या. पिस्त्याच्या रंगाचा पडदा, त्यावर काळे ठिपके. आजकालची पोरं असल्या गेमला हसतात. मला मात्र तसलाच हवा होता.

२

रुपाली माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होती. होळीनंतर तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग ताप आला. ताप उतरला तो काळजावर जाऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाल्या, हृदयाची झडप सुजली आहे. दर एकवीस दिवसांनी सुई, आणि सहा महिने खाटेवरून उतरायचं नाही. पळणं नाही, रडणं नाही, दचकणं तर मुळीच नाही. काळीज फार धावलं तर थांबेल, हे त्या माझ्याशी गुजरातीत अगदी हळू बोलल्या, पण रंजनानं, माझ्या बायकोनं, ते ऐकलंच.

मला त्यांनी नाडी मोजायला शिकवलं. रोज दुपारी दोनला मी सायकलवरून नवागामला घरी जेवायला यायचो. रुपाली दाराजवळच्या खाटेवर पडलेली असायची. मी आत आलो की माझ्याकडे न बघताच डावा हात पुढे करायची, मनगट वर. मी घड्याळ लावून मोजायचो. एकशे दहा, कधी एकशे बारा. तिच्या नाडीला एक खोड होती. पाच ठोके ओळीनं, मग दम खाल्ल्यासारखी थांबायची, मग दोन ठोके घाईघाईनं. ती चाल माझ्या बोटांत बसली. डोळे बांधून शंभर मनगटं हातात दिली असती तरी माझ्या पोरीचं मी ओळखलं असतं.

३

नऊ वर्षांच्या पोरीला सहा महिने पडून ठेवायचं तर खेळणं हवं, आणि ते दचकवणारं नको. म्हणून मी त्रेपन्न कॅसेटी निवडायला बसलो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एक कॅसेट घालायची, उजव्या हातानं खेळायचं आणि डाव्या मनगटाला सैलसर दोरा बांधून त्याखाली काडेपेटीची काडी ठेवायची. नाडीबरोबर काडी हलते, ती मोजता येते. लोटू हे बघून गेला आणि पंडितशेठचं डोकं सरकलंय असं त्यानं सगळीकडे सांगितलं.

निकाल या वहीत आहेत. विमानाचा: नाही, दुसऱ्याच डावात स्फोट. विटांचा: चालेल, आवाज बंद करून. बेडकाचा: नाही, बेडूक मरतो तेव्हा जिवाला लागतं. मासे धरायचा: चालेल, पण शार्क आला की बंद करायला सांगणे. असं करत करत अकरा निवडल्या. माझ्या बहात्तर ठोक्यांचे ऐंशी झाले की कॅसेट बाद.

बारावी मिळाली ती सगळ्यांत शांत. तिच्यावरची चिठ्ठी निघून गेली होती. पडद्यावर एक घर, एका बाजूनं कापून दाखवल्यासारखं. आत एक बारकं माणूस मांडी घालून बसलेलं. बटण दाबलं की त्याच्यापुढे ताट येतं, ते जेवतं, ताट रिकामं होतं. बस. ना वेळ, ना हार-जीत, ना कसला आवाज. मी अर्धा तास खेळलो आणि काडीकडे बघितलं. माझे ठोके बहात्तरावरून अठ्ठावन्नवर आले होते.

मला फार आनंद झाला. वहीत लिहिलं: घराचा, आवाज नाही, सर्वांत उत्तम. तेव्हाच कुणीतरी मला विचारायला हवं होतं की खेळता खेळता माणसाचं काळीज हळू का होतं. पण दुकानात मी एकटाच होतो, आणि मी स्वतःला असले प्रश्न विचारत नाही.

४

बारा कॅसेटी घारी मिठाईच्या रिकाम्या डब्यात ठेवून मी त्या रुपालीला दिल्या. चार दिवसांत तिच्यासाठी डब्यात एकच कॅसेट उरली, घराची. बाकीच्यांना ती हातही लावेना.

पहिल्या दिवशी तिनं मला दाखवलं की आत दोन माणसं बसली आहेत. मी म्हटलं, पुढची पायरी आली असेल. दुसऱ्या दिवशी रंजनानं भाजी निवडता निवडता दोन-चार बटणं दाबली, तर माणसं तीन झाली. माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र हजीऱ्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. तो सुटीला घरी असताना खेळला आणि चार झाली. मग रुपालीनं हट्टानं आजीच्या हातात गेम दिला. आमची आई, सरलाबाई, वीज लागेल म्हणून रेडिओचं बटणसुद्धा पदरानं फिरवते. तिनं डोळे मिटून एकदा दाबलं. पाचवं माणूस आलं, आणि त्याच्या डोक्यावर पदरासारखा एक ठिपका जास्त होता.

सगळे हसले. मी पण हसलो. दुकानात जाताना मात्र सायकलवर माझ्या डोक्यात आलं की रुपाली दिवसातून चाळीस वेळा खेळते आणि तिनं एकही माणूस वाढत नाही. नवा हात लागला की वाढतं. हात कुणाचा आहे हे कॅसेटीला कसं कळतं? बटण दाबण्याची गती वेगळी असेल, असं मी ठरवलं. ठरवून टाकलं की बरं वाटतं.

जुलैत एका दुपारी मी नाडी मोजत होतो. एकशे बारा. रुपालीनं पडदा माझ्याकडे वळवला.

"जो ना पप्पा, बघ ना, बाहेर कोण उभं आहे."

पाच माणसं ओळीत बसली होती. घराच्या दाराबाहेर सहावं उभं होतं. बटण दाबलं की पाच ताटं यायची. सहाव्याला काही मिळत नव्हतं. ते हलतही नव्हतं.

मी विचारलं, आणखी कुणी खेळलं का. शेजारची मंदा, तिची पोरं, कुणीतरी. ती नाही म्हणाली. मग म्हणाली की मला बाहेर जाता येत नाही आणि त्याला आत येता येत नाही, आम्ही दोघं सारखेच.

५

ती कॅसेट मी दुसऱ्या दिवशी गेमसकट दुकानात नेऊन उघडली. ज्या कॅसेटी आकडे लक्षात ठेवतात त्यांच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. तो जुना झाला की भलतंच काहीतरी दिसतं. सेल बदलायचा आणि विषय संपवायचा, असा माझा हिशेब.

आत सेल नव्हता. सेल बसवायची जागाही नव्हती. एक पट्टी, तिच्यावर एक काळा चौकोन, आणि टोकाला धूळ. या कॅसेटीला काहीही लक्षात ठेवता येणं शक्य नव्हतं. बंद केली की तिनं सगळं विसरायला हवं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायला हवं.

मी ती दुपारभर टेबलावर उघडी ठेवली. संध्याकाळी लावली. पाच आत, एक बाहेर.

मला ती तेव्हाच तापीत टाकता आली असती. पण त्याच दिवशी रंजनानं सांगितलं होतं की गेम नसल्यामुळे पोर दिवसभर रडते आहे, आणि रडणं डॉक्टरीणबाईंनी बंद केलेलं. मी कॅसेट पुसली, बंद केली आणि घरी घेऊन गेलो. भीती वाटत होती, पण पोरीच्या रडण्याची जास्त वाटत होती.

६

श्रावण लागला आणि आमच्या कानबाई देवीचे दिवस आले. सुरतेत आम्हा खानदेशी लोकांच्या वस्त्यांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी ती पाण्यात बोळवली की रोट, म्हणजे तिच्या नावाच्या गव्हाच्या पोळ्या, जेवायचे. रोटाचे गहू आधी मोजून दळून ठेवतात. आमच्या घरात माणशी सव्वा मूठ. रोट फक्त घरच्यांनी खायचा, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही, आणि मोजलेलं सगळं संपवायचं.

आमच्या आईची एक जास्तीची रीत आहे. मोजणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. दुसऱ्यानं नावं घ्यायची, आणि नाव आलं की तिनं मूठ भरायची. त्या वर्षी नावं घ्यायचं काम रुपालीला मिळालं, कारण खाटेवर पडून करण्यासारखं तेवढंच होतं. मी खालीच बसून एका टेपला तेल देत होतो. गेम तिच्या पोटावर चालू होता.

"आजी," ती म्हणाली. आईनं सव्वा मूठ परातीत टाकली. "पप्पा. मम्मी. काका. मी."

पाच मुठी झाल्या. आई हात झटकणार, तेवढ्यात रुपाली पडद्याकडे बघून म्हणाली, "आणि एक."

आईचा हात क्षणभर थांबला. मग तिच्या तोंडावर हसू आलं आणि तिनं सहावी मूठ भरली. धर्मेंद्रचं लग्न त्याच आठवड्यात नवागाममधल्याच वर्षा नावाच्या मुलीशी ठरलं होतं. आईला वाटलं, पोरीनं होणाऱ्या काकूला धरलं. मलाही तेच वाटलं. रंजना आतून ओरडली की बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अजून साखरपुडा नाही आणि रोट निघाला. धर्मेंद्र लाजून बाहेर गेला.

मोजणं संपल्यावर आई तिच्या अहिराणीत बोलली.

"आते लिधी ती लिधी. मोजेल गहू माघारी पोतामा टाकतस नही."

रुपाली हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती.

७

सोमवारी बोळवण करून आम्ही परत आलो तेव्हा बारा वाजले होते. पुढच्या खोलीत ओळीनं ताटं मांडली. रोट, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. खाटेवर रुपालीचं ताट. राहिलं सहावं. वर्षाच्या घरी ते पाठवता येईना, कारण लग्न होईपर्यंत ती बाहेरची. आई म्हणाली, "दारपाशी झाकी ठेव. आपुनच खाऊत मांगे." रंजनानं ते उंबऱ्याच्या आत, खाटेच्या पायाशी ठेवलं आणि वर परात पालथी घातली.

आम्ही जेवायला बसलो, दाराकडे पाठ करून. आई, मी, रंजना, धर्मेंद्र. तेवढ्यात मागच्या गल्लीतली मिरवणूक आमच्या दारावरून निघाली. ढोल इतके जवळ आले की पाण्याच्या लोट्यावर लाटा उठल्या. माझ्या मनात एकच आलं, पोरीचं काळीज. मी वळलो.

खाट रिकामी होती. रुपाली ओळीच्या टोकाला, धर्मेंद्रच्या पलीकडे, मांडी घालून बसली होती आणि जेवत होती. तिला उतरताना कुणी पाहिलं नव्हतं. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं. ढोल वाजत होते, तरी मी मोजलं. चौऱ्याहत्तर. एकसारखे, मध्ये कुठे थांबणं नाही, घाई नाही. घड्याळ चालावं तसे.

"मला बरं वाटतंय पप्पा," ती म्हणाली. रंजना रडायला लागली. आई देवापुढे जाऊन आडवी झाली.

मग धर्मेंद्रनं परात उचलली. खालचं ताट लखलखीत होतं. खिरीचा ओघळसुद्धा नव्हता. तो म्हणाला, मांजर. मी पण म्हणालो, मांजरच. मांजर जेवून झाल्यावर परात परत पालथी घालत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

८

डॉक्टरीणबाईंनी तीनदा ऐकलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून ऐकायला लावलं. झडपेचा आवाज गेला होता. त्या म्हणाल्या, असं इतक्या लवकर होत नाही, पण झालंय, तर देवाचे आभार माना. आईनं कानबाईचे मानले.

रुपाली शाळेत जायला लागली. दोरीच्या उड्या मारते, मंदाच्या पोरांबरोबर गल्ली पालथी घालते. जेवते नीट. ताट असं स्वच्छ करते की रंजनाला ते घासावंसं वाटत नाही. उलट बोलत नाही, हट्ट नाही. शेजारणी म्हणतात, दुखणं गेलं आणि पोर शहाणी झाली.

मी दुपारी दोनला घरी येतच होतो. पहिल्या दिवशी सवयीनं खाटेपाशी थांबलो. ती समोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हात पुढे केला. तिनं मला उजवा हात दिला, पाहुण्याला देतात तसा.

पोरं विसरतात. दुखण्यातलं तर मुद्दाम विसरतात. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

९

गेमला ती आता हात लावत नव्हती. दिवाळीच्या आधी एका गिऱ्हाइकानं मागितला म्हणून मी डबा काढला. कारखान्यांची वीज त्या दिवशी बंद होती. नवागामात लूम थांबले की कान भरून येतात इतकं शांत होतं. घरात कुणी नव्हतं. मी घराची कॅसेट घातली आणि सुरू केली.

दाराबाहेर कुणी नव्हतं. आत पाच माणसं ओळीत बसली होती. आणि घराच्या त्या बाजूला, जिथे आधी काही नव्हतं, चार ठिपक्यांचे पाय असलेली एक खाट होती. खाटेवर एक माणूस आडवं पडलेलं होतं.

मग मला आवाज ऐकू आला. या कॅसेटीला आवाज नाही, हे मीच वहीत लिहिलेलं आहे. बारीक टिकटिक. मी कान लावला. पाच ओळीनं, मग थांबणं, मग दोन घाईघाईनं. मी घड्याळ लावून मोजलं. एकशे बारा.

किती वेळ बसलो ते आठवत नाही. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले. पडद्यावरचं आडवं माणूस हललं. त्याचा एक हात, म्हणजे दोन-तीन ठिपके, खाटेच्या बाहेर आला. पुढे आला आणि तसाच थांबला. मनगट वर होतं की खाली, हे तीन ठिपक्यांत दिसत नाही. पण मला ते बघायची गरज नव्हती.

मी पडद्यावर बोट ठेवलं. काच थंड होती. हात बराच वेळ तसाच होता, मग आत गेला.

१०

तेव्हापासून मी तो बंद केलेला नाही. त्याआधीचे दोन-अडीच महिने तो बंदच होता, हे मी मनात येऊ देत नाही. लाकडी फळीवर, देवाच्या बाजूला ठेवलाय. विजेवर चालावा म्हणून एलिमिनेटर जोडला, आणि वीज गेली तर पेन्सिल सेलवर जावा अशी तार मी स्वतः फिरवली. रंजनाला सांगायचा प्रयत्न केला होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पोर बरी झाली हे तुम्हाला सोसवत नाही का. तिच्या डोळ्यांत असं काही होतं की मी पुन्हा विषय काढला नाही. होळीपासून श्रावणापर्यंत ती पोरीच्या उशाशी जागली आहे. तिचं सुख मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?

माघात एकदा दुपारची वीज गेली. सेल जुने झाले होते, माझी चूक. मी दुकानातून आलो तेव्हा गेमचा लाल दिवा विझत आला होता आणि टिकटिक मंद पडली होती. एकशे बाराचे साठ, साठाचे चाळीस. घाईत नवे सेल हातातून सुटले, खाटेखाली गेले. मी पालथा पडून ते काढले, घातले. टिकटिक पुन्हा सुरू झाली. पाच, थांबणं, दोन.

बाहेर गल्लीत पोरगी दोरीच्या उड्या मारत होती. मी सगळा वेळ तिच्या उड्या ऐकत होतो. एकही चुकली नाही. टिकटिक मंद पडली तरी तिला काहीच झालं नाही.

तिच्यावर राग धरायला मला एकही कारण सापडलेलं नाही. थंडीत ती माझ्यासाठी आंघोळीचं पाणी काढून ठेवते. कधी कधी मीच तिच्याकडे बघून विचार करतो की कोण जाणे, हीच रुपाली असेल, आणि फळीवर नुसतं एक बिघडलेलं यंत्र असेल. यंत्रात बिघाड असतो, दुसरं काही नसतं. असं म्हणतो आणि सेल बदलतो.

११

पुन्हा श्रावण आला आहे. वर्षा आता आमच्या घरात आहे, तिला पाचवा महिना लागलाय. आज दुपारी आईनं गहू मोजले. नावं पोरगीनंच घेतली.

"आजी. पप्पा. मम्मी. काका. काकू. मी."

सहा मुठी पडल्या. बरोबर सहा माणसं. ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. फळीवर टिकटिक चालू होती. लूमच्या आवाजात ती आम्हा दोघांशिवाय कुणाला ऐकू येत नाही.

"आणखी एक," मी म्हणालो.

सगळ्यांच्या माना वर्षाकडे वळल्या. तिनं पोटावर पदर ओढला. रंजना हसून म्हणाली, पुन्हा बाजारात तुरी. आईनं तोंड न उघडता मला डोळ्यांनी आशीर्वाद दिला आणि सातवी मूठ परातीत टाकली. मोजलेला गहू आता परत पोत्यात जाणार नाही.

बायका आत गेल्यावर पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. हळूच विचारलं, "सोमवारी खाटेवर कोण निजणार पप्पा?"

"मी," म्हटलं. "माझी कंबर धरली आहे."

तिनं मान हलवली आणि उड्या मारायला बाहेर गेली.

धर्मा, भावा, हे तुझ्यासाठी आहे. सातवं ताट दाराशी ठेवू नका, फळीखाली ठेवा आणि वर परात घाला. सगळे खाली ओळीत बसा. वर्षाला खाटेजवळ येऊ देऊ नको, आई निज म्हणाली तरी. जेवताना कुणी मागे वळू नका. जेवण झाल्यावर पंगतीत एक पोर जास्त दिसेल. तिचं काळीज अजून बरं झालेलं नाही, तिला घाईघाईनं उचलू नका, दचकवू नका, दर एकवीस दिवसांची सुई चुकवू नका. दुसरीलाही घराबाहेर काढू नका. तिनं वर्षभर मला पाणी काढून दिलं आहे.

मी सापडलो नाही तर शोधत बसू नको. घारीच्या डब्यात मी पेन्सिल सेल भरून ठेवले आहेत. लाल दिवा मंद व्हायची वाट बघायची नाही, दर आठवड्याला बदलायचे. दुपारी दोन वाजता पडद्यावरच्या खाटेवरून एक हात पुढे येईल. तो माझा असेल. रुपालीला मोजायला शिकव.